हरणा आक्काचा न भाजणारा पाय

आधीच सांगते, ह्यात देवीचा काई दोष न्हाय. कुणी तसं म्हणलं तर मी ऐकून घेत न्हाय, मग तो गावचा कितीबी मोठा असू द्या. दोष कुणाचा ते मला पक्कं ठावं हाय. सांगते.

हरणाबाई माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते. माझं नाव दैवशाला. भूकंपानंतर सास्तूरच्या अंगाला नवी गावं वसली, त्यातल्या एका गावात आमची दोन घरं एकाला एक लागून हायेत. आमी धनगर. मेंढरं होती तवा होती. आता आक्काचा ल्योक धनाजी ढोकीकडं कारखान्यावर कामाला असतोय, त्याची बायको दीपाली घर बघती, आन् कळपापैकी दाव्याला दोन शेरडं तेवढी उरलीत. आक्काचे मालक गेले, माझेबी गेले. माझ्या दोन्ही पोरी नांदायला गेल्या. तवापासून माझी चूल आक्काच्याच घरात पेटती.

मी ह्या घरात आले तवा मला भाकरी येत न्हवती. आईच्या लाडाची, दुसरं काय! पहिल्याच सकाळी तव्याला हात लागला, चार बोटं चर्र झाली आन् भाकरीचा कोळसा. सासू दारातच उभी. आक्कानं मला मागं सारलं आन् म्हणली, "भाकरी म्या करपवली, आत्याबाई." तिनं माझ्यापायी बोलणी खाल्ली. मग मला मागल्या दारी नेलं आन् बोटांना तूप लावलं. मी रांजणात हात बुडवायला धावले तर तिनं मनगट धरलं. "पाणी न्हाय लावायचं, दैवशाले. भाजल्याला पाणी लागलं की फोड येतोय." तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, आईला आजीनं. म्या ते पदराला गाठ मारून ठेवलं. माझ्या पोरींना भाजलं, भाच्यांना भाजलं, शेजारणीला भाजलं, दरवेळी मी आडवी: पाणी न्हाय! ज्या बाईनं माझ्यासाठी खोटं बोलून शिव्या खाल्ल्या, ती सांगती म्हणल्यावर ते खरंच असणार की न्हाय?

भूकंपात आक्का आन् तान्हा धनाजी माळवदाखाली गाडले गेले होते. लिंबाजी भावजी, म्हणजे आक्काचे मालक, मेंढरांकडं रानात होते म्हणून वाचले. त्यांनी येऊन हातानं माती उकरली. दुपारी दोघं जिते निघाले. आक्का म्हणली, देवीआईनं पदराखाली झाकलं. पुढल्या वर्षी तुळजापूरला जाऊन तिनं गळ्यात कवड्यांची माळ घातली आन् आराधीण झाली. मंगळवारी, शुक्रवारी हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. एरवी दाणे निवडताना तोंडातून शबुद न काढणारी बाई, पर देवीपुढं उभी राहिली की असा गळा सोडायची की रस्त्यानं जाणारी फटफटी थांबायची.

आता पोताचं सांगते. पोत म्हणजे चिंध्या पिळून केलेली हातभर मशाल. तेलात भिजवून पेटवतात आन् गाणं म्हणत देवीपुढं नाचवतात. सात-आठ वर्सं झाली, अशीच एकदा आक्का पोत नाचवत होती आन् जळतं तेल तिच्या पावलावर ठिबकलं. ती हललीबी न्हाय. डोळ्याचं पातं लवलं न्हाय तिचं. बायांनी "उदो उदो" करून देऊळ डोक्यावर घेतलं. तवापासून दर नवरात्रात तेच. हरणाबाईला पोत भाजत न्हाय, आई तिला राखती. लोहाऱ्याहून, उमरग्याहून माणसं यायला लागली. ल्याकुरवाळ्या बाया तिच्या पावलांवर डोकं टेकवायच्या, पोरं पायावर घालायच्या. आक्का लाजून पाय मागं घ्यायची. पर घरी आली की गप बसून आपल्याच पायांकडं बघायची आन् तिच्या तोंडावर एक समाधान असायचं. खरं सांगू? मला हेवा वाटायचा. आन् तिची जाऊ म्हणून गावात मिरवायचेबी.

एकदा आमी सास्तूरच्या बाजारातून आलो. दारात बघते तर आक्काच्या एकाच पायात चप्पल. म्या म्हणलं, "काय आक्का, एक चप्पल देवीला वाहून आलाव का?" तिनं खाली बघितलं. "अगं बया! कवा निसटली ही?" तिला पत्ताच न्हवता. कोसभर उन्हात, खडीवरून ती एका अनवाणी पायानं चालत आली होती. आमी दोघी हसून हसून खाली बसलो. डोळ्यांतून पाणी आलं. आता ते हसणं आठवलं की सोताच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय.

शाळेत दवाखान्यावाल्यांची तपासणी झाली तवा आक्काच्या बोटातून रगत काढून बघितलं. बाईला साखर लई हाय म्हणले. गोळ्या दिल्या. आक्कानं महिनाभर खाल्ल्या. मग तोंड कडू पडतंय म्हणून सोडल्या. दीपाली मागं लागायची, तर मीच म्हणायचे, "राहू दे गं. आईची माळ गळ्यात असताना साखर काय करती?" लई शाणी मी! माझ्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं.

गेल्या नवरात्रात सातवी माळ होती. नऊ दिवस आक्का अनवाणी असायची, उपास असायचा. भर दुपारी देवळात आरती झाली, आक्कानं पोत घेतला. नाचवता नाचवता पोताचा एक पेटता गोळा सुटला आन् तिच्या उजव्या पावलावर, अंगठ्याच्या मुळाशी पडला. तिथंच जळत राहिला. तिनं झटकलाबी न्हाय, गाणं चालूच. म्याच वाकून पदरानं सारला, माझं बोट पोळलं. बाया येड्यावानी पाया पडायला लागल्या. एकीनं तर त्या चटक्यावरच कुंकू लावलं.

घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. आमी घरी आलो. दीपालीनं पाय बघितला आन् तिचा चेहराच उतरला. रुपयाएवढी जागा, कातडी पांढरी फटक. ती पळत जाऊन अर्धी बालदी पाणी घेऊन आली. "आत्याबाई, आधी पाय पाण्यात धरा. वीस मिनिटं तरी. मग धुतलेलं फडकं सैल बांधू. दुसरं काईसुद्दा लावायचं न्हाय. आन् तुमाला साखर हाय, आजच दवाखान्यात दाखवू." तिला गावातल्या आशाताईनं सांगितलं होतं, समर्थ लहानपणी दुधानं भाजला तवा. समर्थ तिचा पोरगा. त्याच्या हातावर आज डागसुद्दा न्हाय. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. पर म्हणतात ना, जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय.

आक्का कुणाचं मन मोडणारी न्हवं. सून एवढं म्हणती तर घ्यावं, म्हणून तिनं पाय उचलला. टाच बालदीच्या काठाला टेकली.

म्या बालदी वढली.

"बारावी शिकलीस म्हणून आक्कल आली व्हय गं तुला? भाजल्याला पाणी लावतात? टरारून फोड येईल! आन् देवीच्या पोताचा चटका हाय तो, चुलीचा न्हाय. दवाखाना कशाला?" दीपाली म्हणली, "काकू, पाया पडते, एकदा ऐका." म्या ऐकलं न्हाय. आक्का हसली. म्हणली, "भांडू नका गं. दैवशालेला म्याच शिकवलंय ते." समर्थची दात घासायची पेस्ट आणून म्या बोटभर थापली. पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून ती बालदी शेरडांपुढं ठेवली. शेरडांनी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी बोराएवढा फोड आला. पाणी न लावता आला, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला न्हाय. दीपाली म्हणली, "फोड फोडू नका, आतल्या कातडीला तोच झाकून ठेवतोय." पर माझा जन्म मेंढरांत गेलेला. मेंढराला गळू झालं की बाभळीच्या काट्यानं फोडायचं आन् हळद भरायची. तीच आक्कल म्या माणसाला लावली. काट्यानं फोड फोडला, कातडी वढून काढली, आत देवीचा भंडारा दाबून भरला आन् जुन्या लुगड्याची चिंधी आवळून बांधली. आक्का बघत होती, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशी. "बघ की, काट्याचंसुद्दा काई न्हाय," म्हणली. म्या भंडाऱ्याचे हात तसेच जोडले. दीपाली आत निघून गेली. तिनं धनाजीला फोन केला, तर तो म्हणला, काकू हाय की तिथं, तिला कळतंय.

दसरा झाला. कोजागिरीला आक्का दरसाल चालत तुळजापूरला जायची, अनवाणी. दीपाली दारात आडवी उभी राहिली. "आत्याबाई, ह्या पायानं न्हाय जायचं." रडत होती पोरगी. म्या तिला बाजूला केलं. "ज्या आईनं आठ वर्सं पाय राखलाय, तिच्याच दारात जातोय आमी. तू तुझं घर सांभाळ." असं म्या म्हणलं. माझ्याच तोंडानं.

दोन दिवस चाललो. रोज सकाळी मी वरून भंडारा टाकायचे आन् तीच चिंधी आवळायचे. तिसऱ्या दिवशी नळदुर्गच्या पुढं एका लिंबाखाली बसलो. आक्का म्हणली, "एवढं ऊन हाय तरी मला थंडी का वाजती गं?" हात लावला तर आंग तव्यावानी. म्या चिंधी सोडली. चिंधीबरोबर कातडं आलं. असा वास सुटला की शेजारी बसलेल्या बाया उठून गेल्या. दोन बोटं काळी पडलेली, घोट्यापर्यंत पाय टम्म सुजलेला. म्या विचारलं, "आक्का, दुखत न्हाय का वो?"

"न्हाय की," म्हणली. सहज म्हणली, जेवलीस का म्हणल्यावर म्हणावं तशी.

तवा मला पहिल्यांदा भ्या वाटलं. आठ वर्सं ज्याला हात जोडले, त्याचं भ्या. तुळजापूर तिथून एका दिवसाच्या वाटेवर होतं, पर आमी गेलो न्हाय. एका जीपवाल्याच्या पाया पडून सोलापूरला नेलं.

डॉक्टर पोरगेलासा होता. ओरडला न्हाय. त्यानं आक्काला डोळे मिटायला सांगितले आन् दुसऱ्या, चांगल्या पायाला बारीक काडी टोचली. "आजी, लागतंय?" "न्हाय." "इथं?" "न्हाय." "आन् इथं?" आक्का म्हणली, "टोचा की अगुदर, मग सांगते." त्यानं काडी खाली ठेवली.

"साखरेनं पायातल्या नसा मेल्यात, आजी. लई वर्सं झाली असणार. म्हणून चटका बसलेला तुमाला कळत नसंल, चप्पल निसटलेली कळत नसंल."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "दैवशाले, म्हणजे आईनं न्हवतं राखलं? पायच मेला होता?" म्या तिचा हात धरला. "आन् बाया लेकरं पायावर घालायच्या," ती म्हणली, "त्या मेलेल्या पायावर?"

डॉक्टरनं मला बाहेर बोलावून काय काय लावलं ते विचारलं. म्या सगळं सांगितलं. कुंकू, पेस्ट, काटा, भंडारा, चिंधी. त्यानं विचारलं, "पाणी?" म्या म्हणलं, "न्हाय." म्या विचारलं, पयल्या दिवशी पाणी लावून, झाकून, तुमच्याकडं आलो असतो तर? तो म्हणला, "चटका लहान होता. बहुतेक पाय राहिला असता." बहुतेक. हा एक शबुद मला रोज जेवताना घासाबरोबर लागतोय.

आधी दोन बोटं काढली. चार दिवसांनी गुडघ्याखालून पाय काढला. धनाजीनं सही केली. मला कुणी सही मागितली न्हाय. मागायला पायजे होती.

घरी आल्यावर आक्कानं गळ्यातली माळ काढली, परडीत ठेवली आन् परडी फळीवर. तवापासून तिनं एक ओळ म्हणली न्हाय. ज्या बाया पायावर लोटांगण घालायच्या, त्याच आता म्हणतात, काईतरी इटाळ-चंडाळ झाला असंल, आईचा कोप झाला. एकीला तर म्या उंबऱ्यावरून हाकलली. आईचा कोप कशाला म्हणतीस गं? भाजल्याला पाणी लावू नका, असं देवी कवा कुणाच्या सपनात येऊन सांगून गेली? गोळ्या खाऊ नका म्हणून तिनं सांगितलं? ते म्या सांगितलं, ह्या तोंडानं. देवीच्या दारात पाण्याला कवा बंदी होती? तुळजापूरला आधी कल्लोळ तीर्थात न्हाऊनच माणूस पायऱ्या उतरतंय.

एके दिवशी ऱ्हावलं न्हाय, म्या आक्काच्या पुढं बसून सांगितलं, "आक्का, बालदी म्या वढली. मला चार शिव्या द्या, मारा." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणली, "तुला म्याच शिकवलं होतं की गं." मारलं असतं तर बरं झालं असतं. दीपालीबी तसलीच. "मी सांगत होते," असं एकदा, एकदा तरी म्हणावं ना तिनं! म्हणली असती तर भांडून, रडून मी मोकळी झाले असते. ती गप भाकरी वाढती, आत्याबाईंची साखर तपासून वहीत लिहिती, आन् मला म्हणती, काकू, जेवून घ्या. त्या वाढलेल्या ताटासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

आक्काला कुबड्या आणल्या, ती धरत न्हाय. भिंतीला टेकून बसती. राहिलेला पाय मी रोज कोमट पाण्यानं धुते, पुसते, बोटांच्या मधी बघते, कुठं खरचटलं का. ती बघतसुद्दा न्हाय. म्हणती, "ह्योबी मेलेलाच हाय. कशाला जपतीस?"

आन् आता चैतापासून नवीनच सुरू झालंय. त्या दिवशी भर दुपारी मी शेरडांना पाला टाकत होते. घरातून किंकाळी आली. पळत गेले तर आक्का भुईवर लोळत होती. "पोत पडला गं! पायावर पोत पडला! भाजतोय, दैवशाले, पाय भाजतोय!" कोणता पाय? तर उजवा. जो सोलापूरला राहिला, तो. दीपालीनं डॉक्टरला फोन लावला. तो म्हणला, असं हुतंय काही काही जणांना. तोडलेल्या नसांना पाय हायच असं वाटत राहतं. गोळी वाढवली. गोळीनं घटकाभर उतरतंय, परत चढतंय. आठ वर्सं जो पाय अंगाला असून भाजला न्हाय, तो तोडल्यावर भाजाय लागला. आन् एकदाचंबी न्हाय, त्या सगळ्या वर्सांचं भाजतोय असं आक्का म्हणती.

परवा तर लईच चढलं. घामानं लुगडं भिजलं. दात आवळून ती मला म्हणली, "पाणी घाल गं. बालदी आण, पाणी घाल."

नळ आमच्या गावात आठव्या दिवशी येतोय. घरात दोन घागरी होत्या. दीपाली एक घागर बालदीत वतून घेऊन आली आन् माझ्या हातात तांब्या दिला. तीच बालदी.

म्या म्हणलं, "कुठं घालू, आक्का?"

तिनं रिकाम्या फरशीवर बोट ठेवलं. "हितं. अंगठ्याच्या मुळाशी."

म्या तिथं पाणी घातलं. फरशीवरून वघळ उंबऱ्याकडं निघाला. "अजून," आक्का म्हणली. दुसरा तांब्या घातला. तिनं डोळे मिटले, तोंड जरा सैल पडलं. मला वाटलं, झालं आता. म्या तांब्या बालदीत ठेवला.

"थांबू नका, काकू," दीपाली भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणली. "वीस मिनिटं घालावं लागतंय."

मी घालत बसले.